विहीणबाई आणि दुसरा सप्लाय

कुसुमताई, शाळेच्या स्मरणिकेत तुमच्यावर लिहायला मला सांगितलंय. मुख्याध्यापक धसईपर्यंत एसटीने आले होते. म्हणाले, "तुम्ही त्यांच्या जवळच्या." मी म्हटलं, "जवळची कसली, मी त्यांची विहीण." ते हसले नाहीत. माणूस गेल्यावर कोणी गंमत केली की लोक आपल्या चपलांकडे बघायला लागतात.

तुमचा जन्म कधीचा, नोकरी कधी लागली, किती वर्ग हाताखालून गेले, हे सगळं त्यांच्याकडे टाइप केलेलं आहे. ते मी लिहिणार नाही. मी आपल्या भांडणाबद्दल लिहिणार आहे, कारण ते अर्धं राहिलंय आणि एकटीने भांडता येत नाही. मी करून पाहिलं. ओटीवर बसून तुमची बाजू पण मीच बोलले. शेजारची सुशीला डोकावून गेली आणि नीताला फोन करून म्हणाली, आईकडे लक्ष ठेव.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगावं लागेल, तेवढ्यापुरते तुम्ही कान बंद करा. माझी नीता यांच्या घरात दिली. म्हणजे या मुलाच्या आई, मी मुलीची. आमच्याकडे याचा अर्थ असा की आयुष्यभर वाकायचं मी. आधी फोन मी करायचा, सणाला आधी ताट मी पाठवायचं, रुसवा झाला तर आधी बोलायचं मी. लग्नात यांचे पाय धुताना मी ऐन थंडीत गार पाणी ओतलं. यांनी पाय मागे घेतले नाहीत. नुसतं "हं" म्हणाल्या. कोमट पाणी आणायला विसरले, असं मी तेव्हा सगळ्या मांडवाला सांगितलं. आता तुम्ही उठून जाब विचारायला येणार नाही, म्हणून सांगते कुसुमताई: विसरले नव्हते. चव्वेचाळीस वर्षांची बाई, कारखान्यात दहा जणींवर सुपरवायझर, आणि अक्कल ही एवढी.

ते "हं" आपल्या दोघींच्या मध्ये वीस वर्षं बसून होतं. मग आपल्या नातीने, ऋतुजाने, ते उठवलं.

ती कॉलेजात असताना तुमच्याकडे राहायला आली तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन नुसत्या घरात बसून चिडचिड करायला लागला होता. उंबरमाळीच्या बाजूला तुमची शाळा, आणि शाळेतली निम्मी पोरं ओढ्यापलीकडची. मध्ये ती फरशी, म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा, बिनकठड्याचा पूल. पावसाळ्यात फरशीवरून पाणी गेलं की पोरांना सोडायचं की थांबवायचं, हे तुम्ही सगळी नोकरी छत्री घेऊन, स्वतः जाऊन बघून ठरवलंत. ऋतुजा म्हणाली, आजी, याला एक डबा करू. खांबावर लावायचा, तो खाली आवाज सोडणार, पाण्यावर आपटून आवाज परत आला की पाणी किती वर आलं ते कळणार. फरशी मोकळी असेल तर शाळेच्या फाटकावर हिरवा दिवा, नाहीतर लाल. सोलरचं पान, एक बॅटरी, तळहाताएवढा कॉम्प्युटर. आधी तिने तुम्हाला प्रोग्राम लिहायला शिकवलं. वर्षभराने तुम्ही तिच्या चुका काढायला लागलात.

मला बोलावलंत ते डबा सारखा मरत होता म्हणून. मी वाशिंदच्या कारखान्यात पॉवर सप्लायची बोर्डं तपासण्यात आयुष्य काढलेली. धसईहून मुरबाड, मुरबाडहून शहापूर, तिथून पुढे तुमच्याकडे. पिशवीत वीज मोजायचा मल्टिमीटर आणि त्याच्यावर कारली, म्हणजे कंडक्टरने बघितलं तर कारली दिसावीत. तुम्ही ओटीवर खडूने सगळं सर्किट काढून ठेवलं होतं. बॅटरी, पान, आवाज सोडणारी चिप. मी त्याच्यावरून चालत गेले आणि बॅटरीपाशी उभी राहून म्हटलं, "हिला तुम्ही झोपू देत नाही. मोजून झालं की चिपचा सप्लाय बंद करा, परत मोजायचं तेव्हा चालू करा." तुम्ही माझ्या पायाकडे बघत होता. म्हणालात, "तुम्ही माझ्या बॅटरीवर उभ्या आहात, विहीणबाई."

त्या दिवशी तुमच्याकडे वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी जेवले. लग्नानंतर पहिल्यांदा पोटभर. आधी नेहमी दोन घास कमी जेवायचे, मुलीची आई म्हणून.

मी कोड लिहीत नाही, वाचते, हे आपलं ठरलेलं. तुम्ही लिहायचं, मी वाचायचं. वीज कुठून आली, कोणी चालू केली, कोणी बंद केली, आणि मध्येच काही बिघडलं तर चालू केलेलं बंद करायला कोणी मागे राहिलं का. एवढंच मी बघते. तुम्ही मोठ्याने वाचून दाखवायचात, फोनवर, वर्गात धडा वाचावा तसं, आणि मी मध्ये "थांबा" म्हणायचे. तुम्हाला "थांबा" म्हणणारी त्या घरात मी एकटीच होते. आठवड्यातले तीन दिवस, दुपारी दोन ते चार. नीता म्हणायची, या दोघी काय बोलतात ते देवाला ठाऊक, पण बोलतात तरी.

आता भांडण. तुमच्या डब्यातली चिप नवीन होती. कॉम्प्युटरच्या पोटातला जो मुख्य प्रोग्राम, ज्याला कर्नेल म्हणतात, त्याला प्रत्येक उपकरणाशी बोलायला एक दुभाष्या लागतो. त्याचं नाव ड्रायव्हर. या चिपचा दुभाष्या जगात कोणी लिहिलेला नव्हता. तुम्ही लिहिलात. ऋतुजा म्हणाली, हा सगळ्यांसाठी पाठवू, आणि तुम्ही पाठवलात. त्याची एक यादी असते, जगभरची माणसं तिथे एकमेकांचं काम मेलवर ओळ न् ओळ तपासतात. आणि जिने खरोखर तपासलं तिचं नाव त्या कामाखाली कायमचं लागतं. 'हिने तपासलं.'

तुम्हाला तिथे माझं नाव हवं होतं.

"सप्लायचा भाग तुम्ही बघा आणि नाव द्या, मंदाताई. बाहेरच्या कोणी द्यायच्या आधी."

"आधी बघते. मग नाव."

"म्हणजे शंका आहे?"

"मुलीच्या आईला शंका नसते. मल्टिमीटरला असते."

तुम्ही हसलात. ते हसणं मला चांगलं आठवतं, कारण त्यानंतर चार दिवसांनी मी ते बंद केलं.

चिपला दोन सप्लाय, म्हणजे विजेच्या दोन वाटा, लागतात. एक तिच्या डोक्याला, दुसरा तिच्या घशाला, आवाज सोडायला. तुम्ही दुसऱ्याला 'ऐच्छिक' लिहिलं होतं. मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर पुढे चला.

"हा ऐच्छिक कसा?" मी विचारलं.

"ऋतुजा पुण्याला जो बोर्ड वापरते त्याच्यावर याला स्विचच नाही. तो थेट बॅटरीला आहे. सक्तीचा लिहिला तर तिथे अडेल."

"नाही अडणार. ज्याला स्विच नाही त्याच्यासाठी कर्नेल स्वतःच एक खोटा स्विच हातात देतो. तुम्ही चालू कर म्हणा, तो हो म्हणतो. ते सोडा. घशाला वीज नसेल तर चिप ओरडेल का?"

"नाही."

"मग ऐच्छिक कसा?"

"चालतंय ना पण."

"तुम्ही पोरांना प्रयोगवहीत 'चालतंय' असं लिहू द्यायचात का?"

तुम्ही फोन ठेवलात. इथपर्यंत ठीक होतं. इथपर्यंत आपण पुष्कळदा आलो होतो. ऋतुजाने मला नंतर नीट समजावलं तेव्हा मी तर जास्तच चढले. कारण सप्लाय मागितला की कर्नेल तीन उत्तरं देऊ शकतो: हा घे, किंवा नाहीच आहे, किंवा थांब, अजून तयार नाही, जरा वेळाने परत विचार. तुमचा ड्रायव्हर दुसरं आणि तिसरं उत्तर एकच धरत होता. 'थांब' म्हटलं तरी तो 'नाहीच' समजून पुढे निघायचा. आता वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारी यातून आयुष्याबद्दल काहीतरी काढणार. नाही काढणार. तुम्हाला ते आवडायचं नाही.

माझी चूक झाली ती पुढे. मी तुम्हाला परत फोन करायला हवा होता. मी यादीवर लिहिलं. सगळ्या जगासमोर, माझ्या मोडक्या इंग्रजीत. दुसरा सप्लाय ऐच्छिक नाही. पाठवण्यापूर्वी कृपया डेटाशीट वाचावी. डेटाशीट म्हणजे चिपबरोबर येणारा कंपनीचा माहितीचा कागद. ते 'कृपया' पण मीच घातलं होतं, आणि त्याने ते आणखी वाईट झालं. सगळी नोकरी पोरांना "आधी धडा वाचा, मग उत्तर लिहा" सांगणाऱ्या बाईला मी चारचौघांत सांगितलं की तुम्ही धडा वाचला नाही. मांडवात विहिणीला टोमणे मारायची मुभा असते. मांडव उतरला की ती संपते. तुमच्या माझ्या मांडवाला सव्वीस वर्षं झाली होती.

तुमचं उत्तर आलं एका ओळीचं. 'आभारी आहे. विचार करते.' मग काही नाही. दोन ते चार मी फोनसमोर बसायचे. वाकायचं कोणी, हे आपल्यात ठरलेलं होतं. मीच. पण मला वाटत होतं की मी बरोबर आहे, आणि बरोबर असलेल्या माणसाची मान फार ताठ असते.

तुम्ही एकदा मला विचारलं होतं, "तुम्ही एवढ्या कडक का हो? नुसतं नाव तर द्यायचंय." मी म्हटलं होतं, "मी जन्मात कधी न तपासता शिक्का मारला नाही."

खोटं बोलले.

एकवीस वर्षांची होते. धसईतली डिप्लोमा झालेली पहिली मुलगी. हे मी स्वतःच सगळ्यांना सांगायचे, कोणी विचारलं नाही तरी. केसात पेन खोचायचे. कोणी लिहायला मागितलं की मान वाकडी करून केसातून काढायचे. आज आठवलं की त्या पोरीच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटते. तपासणीच्या टेबलावर माझ्याकडे एक रबरी शिक्का होता: 'तपासले'. बोर्ड लावायचं, दोन्ही सप्लाय द्यायचे, मोजायचे, मग शिक्का. लाइनवर एक नवीन पोरगा आला होता, कुरळ्या केसांचा. एक दिवस तो बोर्डांचा ट्रे घेऊन आला आणि म्हणाला, "मंदाताई, गाडी उभी आहे, जरा लवकर होईल का?" ताई म्हणाला खरा, पण डोळे ताई म्हणत नव्हते. मी एकही बोर्ड न लावता सगळ्या ट्रेवर टकाटक शिक्के मारले. पंधरा दिवसांनी ट्रे परत आला. काळा. सगळ्या बोर्डांवर दुसरा सप्लाय उलटा लागला होता, आणि प्रत्येक जळलेल्या बोर्डावर माझा शिक्का जसाच्या तसा, कोरा करकरीत.

मी म्हटलं, हे माझ्या शिक्क्यानंतर कोणीतरी बदललं असणार. मोठ्या आवाजात म्हटलं. त्या मुलाला माहीत होतं. पुढे त्याच्याशीच लग्न झालं आणि तो जन्मभर त्याबद्दल काही बोलला नाही, हे त्याचं मोठेपण की माझ्या तोंडाची भीती ते विचारायचं राहिलं. त्या दिवसापासून मी शिक्का जपून मारते. पण का, ते तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं की माझी भीती तुमच्या कामाची नव्हती. मी सांगितलं नाही. तुमच्या नजरेत चुकायचं नव्हतं मला. तुम्हाला मात्र अख्ख्या यादीसमोर चूक ठरवून ठेवलं.

मग तुमचा फोन आला.

दुपारची वेळ, मी मुरबाडच्या स्टँडवर. पडद्यावर तुमचं नाव. मुलाच्या आईने आधी फोन केला! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. आणि कुसुमताई, मी तो वाजू दिला. राग म्हणून नव्हे. मजा म्हणून. मला ते बघायचं होतं, तुमचं नाव असं थरथरताना. मनात म्हटलं, दुसऱ्यांदा वाजला की उचलेन. एवढी हौस तरी भागू दे. सत्तर वर्षांची होते मी त्या दिवशी. एकवीसची नव्हते.

दुसऱ्यांदा वाजला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नीताचा वाजला.

तेरावं झाल्यावर सगळे पांगले तरी मी तुमच्याकडेच राहिले. ऋतुजाने तुमचा लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. मी शोधलं. वाटलं, माझ्यासाठी काहीतरी असेल. अर्धवट मेल, शिवी, काहीही. काही नव्हतं. ड्रायव्हर होता तसाच होता, 'ऐच्छिक' त्याच जागी. ओटीवर मात्र तुमच्या एखाद्या सर्किटची खडूची एक रेघ राहिली होती, कोणीतरी पुसताना चुकवलेली. पुढच्या दिवशी ती पण गेली.

मग आम्ही दोघी फरशीवर गेलो. डब्याला हात घातला आणि पलीकडून आवाज आला, "ओ आजी, डब्याला हात नका लावू, बाई वरडतील!" ओढ्याकाठच्या घरातला काशिनाथ, म्हशी धुवायला आलेला. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. टॉवेलने तोंड पुसत बसला कितीतरी वेळ.

"बाई गेल्या, काशिनाथ," मी म्हटलं. "आता वरडणार मीच."

"तुमी कोन?"

"मी त्यांची विहीण. धसईची."

तो उठून उभा राहिला. "तुमी व्हय! बाईंनी सांगितलेलं तुमचं."

"काय सांगितलेलं?"

"आवो, हा डबा सकालचा कदी कदी खोटा बोलतो. पानी माज्या पोटरीला नि फाटकावर दिवा हिरवा. मी बाईंना जाऊन बोललो. बाई दोन सकाली हितं येऊन छत्री घेऊन हुब्या रायल्या. मंग बोलल्या, काशिनाथ, तू दिव्याकडं बगू नको, पान्यात काठी घाल नि पोरांना तू सोड. मी बोललो, दुरुस्त नाय व्हनार का? तर बोलल्या, व्हईल, माज्या विहीणबाईंनी मला आदीच सांगितलंय कुटं चुकलंय, आता त्यांनाच इचारते. नि त्या दगडावर चढल्या. हितं रेंज नाय ना. दोपारी. लय येल फोन कानाला लावून हुब्या व्हत्या."

मी त्या दगडाकडे बघितलं. गुडघ्याएवढा आहे. तुमच्या गुडघ्यांनी तुम्ही त्याच्यावर कशा चढलात?

ऋतुजाने माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला आणि म्हटलं, "बॅटरी काढ. परत लाव." तिने काढली, लावली. बरोबर. परत काढली, लावली. बरोबर. सहाव्या वेळेला शून्य. खाली पाणी खळाळतंय आणि डबा म्हणतोय पाणीच नाही. बॅटरी थकलेली असली की सकाळी सप्लायचा स्विच उशिरा जागा होतो, कर्नेल 'थांब' म्हणतो, आणि तुमचा ड्रायव्हर घशाला वीज न देताच चिपला विचारतो, बोल, पाणी किती? ती काय बोलणार. मी म्हणाले होते तेच. अगदी तेच. आजूबाजूला बघितलं, पण ज्यांना सांगायचं त्या तुम्ही नव्हतात. बरोबर ठरून इतकं ओशाळल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

तुम्हीही एका ठिकाणी बरोबर निघालात, तेही लिहून ठेवते. वीज दिल्यावर चिपला किती वेळ द्यायचा यावर मी तुम्हाला हसले होते. डेटाशीटमध्ये दिलाय त्याच्या चौपट वेळ तुम्ही लिहिला होता. "एवढी आळशी आहे का ती?" असं मी म्हटलं, आणि तुम्ही माझ्या सांगण्यावरून तो कमी केलात. थकलेल्या बॅटरीवर आम्ही डेटाशीटचा वेळ देऊन बघितला: आकडे नाचायला लागले. तुमचा वेळ देऊन बघितला: स्थिर. डेटाशीट मी वाचली होती. फरशीवर उभ्या तुम्ही राहिला होता.

त्या दिवशी तुमच्या टेबलापाशी बसून मी जन्मात पहिल्यांदा कोड लिहिला. पाच-सहा ओळी. दुसरा सप्लाय सक्तीचा केला. 'थांब' म्हटलं की थांबायचं केलं. दुसरा चालू झाला नाही तर पहिला बंद करूनच बाहेर पडायचं केलं. तुमचा वेळ परत घातला. एका बोटाने टाइप करत, चष्मा वर-खाली करत. लहान मुलासारखी खूश झाले होते मी. म्हटलं, आता कुसुमताईंचं काम बिनचूक झालं, आता मी माझं नाव देणार, त्यांना हवं होतं तिथे.

ऋतुजाने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

"काय गो?"

"धसईची आजी, तुला नाही देता येणार आता."

"का नाय?"

"तू त्यात स्वतः बदल केलास ना. मग तू काम करणाऱ्यांत गेलीस. आपलंच काम आपण तपासलं असं लिहायचं नसतं तिथे."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू कधी लिहीत नाहीस. मला वाटलं नुसतं बघतेयस." मग ती हळूच म्हणाली, "आपण म्हणू ना की बदल मी केला. तू तपासलंस. कोणाला कळणार आहे?"

खरंच कोणाला कळणार होतं? काम तेच, ओळी त्याच, डबा खरं बोलणार तो बोलणारच. आणि तुमचं नाव वर, माझं खाली, 'हिने तपासलं'. तुम्ही मागितलेली ती एकच गोष्ट. केसात पेन खोचणारी ती पोरगी तर ऋतुजाचं वाक्य संपायच्या आधी हो म्हणाली असती. मी पण म्हणणार होते. तोंड उघडलं होतं. पण तुम्ही दोन सकाळी छत्री घेऊन उभ्या राहून स्वतःची चूक स्वतः बघितलीत, काठी देऊन काशिनाथला बसवलंत, आणि त्यानंतर दगडावर चढलात. अशा बाईच्या कामाखाली मी खोटा शिक्का कुठल्या तोंडाने मारू?

"नको," मी म्हटलं. "माझं नाव काम करणाऱ्यांत घाल."

वेळ होती तेव्हा मी तुमचं काम तपासून, तुम्हाला फोनवर सांगून, तुम्ही सुधारलंत की नाव देऊ शकत होते. एका फोनचं अंतर होतं. आता ते नाव द्यायची सोयच राहिली नाही.

पाठवताना ऋतुजाने विचारलं, आजीबद्दल काय लिहायचं? यादीवरच्या लोकांना कळवायला हवं, नाहीतर ते प्रश्न तिलाच विचारत बसतील. ती एक ओळ लिहायला मला सगळी दुपार लागली. शेवटी लिहिलं: मूळ लेखिका आता नाहीत, दुसऱ्या सप्लायबद्दल माझ्याशी बोलल्या असत्या, काही विचारायचं असल्यास मला विचारावं. ऋतुजा म्हणाली, मधलं वाक्य कोणाला कळणार नाही. मी म्हटलं, असू दे.

डब्यात नवीन ड्रायव्हर घालून तीन आठवडे झाले. काशिनाथ अजून काठी घालतो. म्हणतो, बाईंनी बंद करायला सांगितलं नाय. आकडा आणि काठी रोज जुळतात. तो मला फोन करून सांगतो, दुपारी. दोन ते चारच्या मध्ये फोन वाजला की मी अजून धडपडत उठते, आता एका वाजण्यातच उचलते. काशिनाथ असतो. मग आम्ही पाण्याबद्दल बोलतो. ते लगेच संपतं.

काल यादीवर उत्तर आलं. कोणी परका माणूस, कुठल्या देशाचा तेही नावावरून कळत नाही. त्याने लिहिलं, 'मला नीट दिसतंय,' आणि खाली त्याचं नाव. 'याने तपासलं.' संपलं.

मला इतका राग आला, कुसुमताई. नीट दिसतंय म्हणजे काय? बंद करण्याचा क्रम बघितलास का? दुसरा चालू झाला नाही तर पहिल्याचं काय होतं, बोट ठेवून बघितलंस का? एवढा वेळ का थांबायचं हे विचारलंदेखील नाहीस? मी त्याला पानभर लिहायला घेतलं. त्या कामावर कोणीतरी तुमच्याशी भांडावं तसं भांडायला हवं होतं, रडकुंडीला येईपर्यंत, आणि मग नाव द्यायला हवं होतं. मग लक्षात आलं की तुम्ही माझ्याकडून कधी एवढंसं ऐकलं नाही. नीट दिसतंय. दोन शब्द. इतक्या दुपारी गेल्या, मी कितीदा "थांबा" म्हटलं, आणि हे एकदाही नाही.

पानभर लिहिलेलं पुसलं. त्याला आभार कळवले, खाली तुमचं नाव लिहिलं, आणि त्याच्याखाली माझं.